वॉर्डरोबची फळी वाकली आहे, किती जाडीची टाकू?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये भिंतीत बसवलेलं कपाट आहे, नऊ वर्षांपूर्वी केलेलं. आतून साडेतीन फूट रुंद, वीस इंच खोल. वरून दुसरी फळी १८ एमएम पार्टिकल बोर्डची. तिच्यावर साड्यांच्या थप्प्या आणि पाहुण्यांची अंथरुणं-पांघरुणं, तिच्याखाली हँगरची दांडी, आणि त्याखाली ड्रॉवर. फळी मधोमध बोटभर खाली आली आहे. एक मिस्त्री म्हणतो २५ एमएमचा प्लाय टाका. दुसरा म्हणतो आहे तीच फळी उलटी करून लावून देतो. कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

पुण्यात २६ वर्षं मी फर्निचरचं काम करतोय आणि दुरुस्तीला बोलावणं आलं की दर दोन-तीन घरांमागे एका घरात हीच फळी भेटते. माझ्या मते प्रश्न जाडीचा नाहीच. ही फळी कुठे कुठे टेकली आहे आणि तिच्यावर, तिच्याखाली काय काय आहे, हा खरा प्रश्न आहे. तेवढं नीट केलं तर १८ एमएमची फळीही वीस वर्षं सरळ राहते. ते न करता २५ची टाकली तर बाक येईल तो फक्त उशिरा येईल.

उलटी करून लावण्याचा विचार मात्र सोडून द्या. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. तिच्यात लाकडाची सलग रेषा नसते. वर्षानुवर्षं वजन राहिलं की ती हळूहळू बसत जाते आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. उलटी केली की फुगवटा वर येतो, चार-सहा महिने छान दिसतं, मग ती पुन्हा सपाट होते आणि त्याच वाटेने खाली जाते. मिस्त्री फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याला तासाभराचं काम दिसतंय आणि त्या दिवसापुरतं ते खरंही आहे.

आता लांबीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं इथेच ठरतं. दोन टोकांवर टेकलेली फळी घ्या. दर फुटावर वजन तेवढंच ठेवलं आणि लांबी दुप्पट केली, तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. जाडीचा हिशेब असा: १८ एमएमऐवजी २५ एमएम घेतली तर बाक साधारण पावणेतीन पटीने कमी होतो. म्हणजे साडेतीन फुटांच्या फळीला बरोबर मध्ये आधार दिला तर सोळा पटींचा फायदा, आणि जाडी वाढवून पावणेतीन पटींचा. आधार नेमका मध्ये नसला तरी हरकत नाही. एका बाजूला अडीच फूट आणि दुसऱ्या बाजूला एक फूट राहिलं, तरी तो अडीच फुटांचा तुकडासुद्धा जाडी वाढवण्यापेक्षा जास्त वाचवतो. जुन्या वाड्यांतली फडताळं मी दुरुस्त केली आहेत. त्यांच्या फळ्या अजून सरळ असतात. लोक म्हणतात जुनं सागवान, म्हणून. सागवान असतंच, पण फडताळ दोन-सव्वादोन फुटांच्या वर क्वचित असतं, हे कुणी बघत नाही.

तुमच्या कपाटात मला जास्त खटकली ती हँगरची दांडी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दांडीच्या मधोमध एक लोखंडी हुक दिसतोय आणि तो वरच्या फळीलाच स्क्रूने लावलाय. दांडी लांब आहे, ती वाकेल, म्हणून कुणीतरी मध्ये हुक दिला. पण मग दांडीला लटकलेल्या कपड्यांच्या वजनाचा मोठा वाटा थेट त्या फळीच्या पोटाला बांधला गेला. वीस-पंचवीस हँगर, त्यात दोन-तीन कोट आणि जड ड्रेस धरले तर पंधरा किलो सहज होतात. आणि वजन मधोमध एका बिंदूला लटकलं की, तेवढंच वजन फळीभर पसरून ठेवल्यावर जेवढा बाक येतो, त्याच्या दीडपटीहून जास्त येतो. म्हणजे वरून साड्या दाबतायत आणि खालून कोट ओढतायत. नऊ वर्षं ती फळी टिकली हेच पुष्कळ आहे. तेव्हा नवी फळी कुठलीही टाका, तो हुक तिला पुन्हा लावू नका. दांडी दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांनाच धरलेली हवी. साडेतीन फुटांना जाड पत्र्याची अंडाकृती दांडी उभी बसवली तर मध्ये हुक लागत नाही. पातळ गोल पाइप असेल तर तोच बदलून घ्या.

मग आधार कुठून द्यायचा? तीन जागा आहेत: मागची भिंत, पुढची कड आणि मधली उभी फळी.

मागची जागा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. तुमची फळी आत्ता फक्त डाव्या-उजव्या बाजूला टेकली आहे, पाठीमागे ती नुसती भिंतीला लागून आहे. तिथे एक इंच बाय एक इंचाची लाकडी रीप, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीत प्लग घालून स्क्रूने घट्ट बसवली की फळीची अख्खी मागची बाजू कायमची धरली जाते. दर दहा-बारा इंचांवर एक स्क्रू. मग बाक यायचा तर फक्त पुढच्या कडेला येऊ शकतो.

पुढच्या कडेला उभी पट्टी द्यायची. यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी दोन विटांवर पाऊण इंच जाड, दोन इंच रुंद पट्टी आडवी ठेवतो आणि तळव्याने दाबायला सांगतो. दबते. मग तीच पट्टी उभी धरतो. हलतसुद्धा नाही. लाकूड तेच, वजन तेच, पण उभी पट्टी आडव्यापेक्षा साधारण सातपट ताठ असते. सागवानाची अशी एकच पट्टी तुमच्या आत्ताच्या अख्ख्या पार्टिकल बोर्डपेक्षा जास्त ताठ आहे. ती फळीच्या पुढच्या कडेला, वरची बाजू फळीशी समपातळीत आणि उरलेली खाली लोंबती, अशी फेविकॉल आणि स्क्रूने लावायची. फक्त शोभेचं अर्ध्या इंचाचं बीडिंग लावून उपयोग नाही. आधार उंचीतून येतो, दीड इंचाच्या खाली जाऊ नका.

इथे एक बारीक गोष्ट आहे, मिस्त्रीला आधीच सांगा. फळीच्या डाव्या-उजव्या टोकांखालीही अशाच रिपा येतात. त्या पुढच्या कडेपर्यंत नेल्या तर खाली लोंबणारी पट्टी त्यांना आडवी येते. म्हणून बाजूची रीप पट्टीच्या जाडीएवढी, म्हणजे पाऊण इंच, मागेच थांबवायची. आणि कपाटाच्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला किती पुढे येतात तेही दार बंद करून बघायचं. बिजागरी त्याच उंचीवर असेल तर पट्टी थोडी मागे घ्यावी लागते.

तिसरा आधार मधल्या उभ्या फळीचा. ताकदीच्या हिशेबाने तोच सगळ्यात चांगला, पण त्यात दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे हँगरची जागा दोन भागांत वाटली जाते. काही घरांत ते सोयीचं पडतं, एका बाजूला कुर्ते, दुसऱ्या बाजूला शर्ट. काहींना नको असतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काम सुरू केल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी सहकारनगरमधल्या एका घरात वाकलेल्या फळीखाली अशीच उभी फळी दिली. वरची फळी सरळ झाली, मालकीणबाई खूश झाल्या. वर्षभराने त्यांचा फोन आला की आता खालची फळी वाकली. गेलो, दार उघडलं आणि लगेच समजलं. माझी उभी फळी खालच्या फळीच्या बरोबर मधोमध उभी होती आणि त्या फळीखाली काहीच नव्हतं. वरचं सगळं वजन मी एक मजला खाली नेऊन ठेवलं होतं. दोन्ही फळ्या माझ्या पैशाने बदलून दिल्या. तेव्हापासून मधली उभी फळी द्यायची असेल तर मी आधी जमिनीवर बसतो आणि खालून वर बघत जातो. वजन जमिनीपर्यंत एका सरळ रेषेत उतरलं पाहिजे. तुमच्याकडे खाली ड्रॉवर आहेत, म्हणजे त्यांच्यामध्ये एखादी उभी फळी असण्याची शक्यता आहे. ती असेल आणि ती तळापर्यंत गेली असेल, तर नवी उभी फळी बरोबर तिच्यावरच यायला हवी. दोन इंच इकडे-तिकडे चालणार नाही.

फळी कशाची घ्यायची? पार्टिकल बोर्ड नको, एवढं नक्की. प्लाय किंवा ब्लॉकबोर्ड. कपाटाला न्हाणीघराची भिंत लागून नसेल तर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा, प्लाय पुरेसा आहे, आयएस ७१०चा मरीन घेऊन उगीच पैसे घालवू नका. प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि हा क्रमांक छापलेला असतो, तो स्वतः वाचा. सरळ लांब फळीसाठी मला स्वतःला १९ एमएमचा ब्लॉकबोर्ड आवडतो, कारण त्याच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या एकाच दिशेने असतात आणि त्या दिशेने तो चांगला ताठ राहतो.

पण त्या दिशेनेच. भवानी पेठेत टिंबर मार्केटला किंवा तुमच्या जवळच्या दुकानात तुकडा कापून मागितला की कापणारा आधी शीट वाया न जाण्याचा हिशेब करतो. त्याला ४२ बाय २०चा तुकडा आडवा बसत असेल तर तो आडवा कापतो. शीट आठ बाय चारचं असतं आणि ब्लॉकबोर्डच्या आतल्या पट्ट्या आठ फुटांच्या दिशेने जातात. तुकडा आडवा कापला की त्या पट्ट्या तुमच्या फळीत डावीकडून उजवीकडे न जाता मागून पुढे जातात आणि ताकदीचा मोठा भाग गेला. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. वर सनमायका लागला की मिस्त्रीलाही कळत नाही. म्हणून दुकानात उभं राहून सांगा: ४२ इंच आठ फुटांच्या बाजूने. कापल्यावर तुकड्याच्या कडा बघा. वीस इंचांच्या कडेला पट्ट्यांची चौकोनी टोकं एकापुढे एक मांडल्यासारखी दिसली पाहिजेत. प्लायलाही हाच नियम, वरच्या थराची रेषा लांबीच्या दिशेने हवी.

सनमायका वर लावला की खालीही लावायचा. खाली हलका, पातळ चालेल, पण कोरी बाजू ठेवू नका. एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात कोरी बाजू हवेतली ओल घेते, वरची घेत नाही, आणि वजन नसतानाही फळी पिळते.

जुनी फळी काढायची पद्धत ती कशी बसवली आहे त्यावर ठरेल. पिनांवर किंवा रिपांवर नुसती ठेवलेली असेल तर उचलून तिरकी करून निघते. पण आपल्याकडे मिस्त्री कपाट उभं करताना फळीला बाहेरून खिळे मारतात आणि मग कपाट भिंतीत सरकवतात. बाहेरची बाजू आता भिंतीला चिकटलेली, खिळ्यापर्यंत हात जात नाही. अशा वेळी खालून हातोडीने ठोकत बसू नका, बाजूच्या फळीचा सनमायका उडतो. फळी मधोमध करवतीने सरळ कापा. दोन तुकडे झाले की प्रत्येक तुकडा खाली-वर हलवत मध्याकडे ओढा, बहुतेक खिळे बाजूच्या फळीत राहतात. त्यांची टोकं हॅकसॉच्या पात्याने बाजूला घासून सपाट कापा. भोकं आणि डाग नव्या रिपेखाली झाकले जातात.

फळी निघाल्यावर माग दिसेल. तिथे हात लावून बघा. भिंतीला लोणा लागला असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील किंवा फळीची मागची कड फुगलेली असेल, तर आधी गळती शोधा. पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ओल हमखास येते. ओल्या भिंतीला नवी रीप लावणं म्हणजे वाळवीला बोलावणं. आणि पलीकडे न्हाणीघर असेल तर नळाचे पाइप भिंतीच्या आत कुठून गेलेत ते माहीत असल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. एका स्क्रूपायी पाइप फुटून खालच्या मजल्यावर पाणी गेलेलं मी बघितलं आहे.

भिंत कशाची आहे यावर प्लग ठरतो. विटांच्या भिंतीत आठ एमएमचा प्लग आणि दोन ते अडीच इंची स्क्रू छान बसतो. गिलावा जाड आणि भुसभुशीत असेल तर स्क्रू विटेपर्यंत पोचेल एवढा लांब घ्या. ज्याला पुण्यात सगळे सिपोरेक्सच म्हणतात त्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग काही दिवसांत सैल होतो, त्यासाठीचे वेगळे प्लग बोहरी आळीत मिळतात. ड्रिल करताना भुकटी बघितली की भिंत कळते: लाल आली तर वीट, पांढरट मऊ आली तर ब्लॉक, राखाडी आणि ड्रिल जोर करायला लागलं तर काँक्रीट.

माप एकाच जागी घेऊ नका. मागे, मध्ये आणि पुढे असं तीन ठिकाणी घ्या. नऊ वर्षं जुन्या कपाटात या तीन मापांत दोन-तीन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक मी नेहमी बघतो. टेपचं टोक आत वाकवून घेतलेलं माप खात्रीचं नसतं. त्यापेक्षा दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत सरकवायच्या, पेन्सिलची खूण करायची आणि त्याच पट्ट्या कापायच्या फळीवर ठेवायच्या. सगळ्यात कमी माप धरून त्यातून आणखी दोन-तीन एमएम कमी कापा. पुढची उभी पट्टी फळी आत बसवल्यानंतरच लावा. आधी लावली तर फळी तिरकी करून आत नेताना ती पट्टी अडते आणि मग मिस्त्री फळी तासायला लागतो. रिपा लेव्हल लावूनच बसवायच्या, जुन्या फळीच्या मागावर विसंबू नका, तो माग वाकडा असू शकतो.

तर तुमच्या कपाटापुरतं माझं मत असं: मागे आणि बाजूंना रिपा, १९ एमएमचा ब्लॉकबोर्ड योग्य दिशेने कापलेला, पुढे दीड-दोन इंचाची उभी पट्टी, आणि दांडी फळीपासून मोकळी. तुमचा पहिला मिस्त्री २५चा प्लाय म्हणतोय तो चुकीचं सांगत नाही. हुक काढला तर त्यानेही काम होईल. पण बरीच दुकानं २५चा तुकडा सुटा देत नाहीत, अख्खं शीट घ्यावं लागतं, आणि फळी स्वतःच जड होते. त्याला रिपांचं आणि उभ्या पट्टीचं सांगून बघा. चांगला कारागीर असेल तर एका वाक्यात समजेल. एका फळीसाठी कुणी पूर्ण हजेरी लावायला तयार होत नाही, तेव्हा घरातली सैल बिजागरी, अडकणारा ड्रॉवर अशी दोन-चार कामं जोडून बोलवा.

फळी बसली की फेविकॉलला एक दिवस पूर्ण द्या, त्याच संध्याकाळी साड्या रचू नका. जड थप्प्या दोन्ही कडांना आणि मागे, गाद्या-रजया असल्या तर मध्ये. पैठण्या एकावर एक दहा-बारा रचल्या की तेवढ्या जागेत सात-आठ किलो होतात, हे लक्षात असू द्या. महिन्याभराने पुढच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरा. दोरा आणि फळी यांच्यात मध्ये नखाच्या जाडीएवढी फट असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर मला कळवा.

आणि त्याआधी एक माप हवंय. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, टॉर्च लावून आत बघा आणि ड्रॉवरच्या मध्ये उभी फळी असेल तर ती डाव्या बाजूपासून किती इंचांवर आहे, तळाला टेकली आहे की अधांतरी, हे सांगा. ती १५ ते २७ इंचांच्या मध्ये कुठेही असेल आणि तळाला टेकली असेल, तर वरची उभी फळी तिच्यावर घेता येईल. मग पुढची पट्टी लागणारच नाही. कपड्यांची जागा दोन भागांत वाटलेली चालेल का, तेवढं मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल.